आदी सुकय, मगे भर

काकीच्या माजघरात काळ्या पत्र्याच्या पाच पेट्या ओळीने ठेवलेल्या असत. अजून आहेत. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने काकांचा आर्मी नंबर, हुद्दा, नाव, आणि कोपऱ्यात वर्तुळात एक ते पाच आकडा. हुद्दा तीनदा खरवडून नव्याने लिहिलाय: शिपायाचा लान्स नायक, त्याचा नायक, त्याचा हवालदार. नंबर मात्र पहिल्या दिवशीचाच. काका मराठा लाइट इन्फंट्रीत होते. वेंगुर्ल्याहून आंबोलीचा घाट चढला की बेळगावचं रेजिमेंटल सेंटर एका दिवसाच्या टप्प्यात. आमच्या बाजूची बरीच माणसं त्याच वाटेने वर गेली आणि पेन्शन घेऊन त्याच वाटेने खाली आली.

काकी आता नाही. ती मायाळू होती हे तिला ओळखणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही. पण घर ती कसं चालवायची, ते कुठे लिहिलेलं नाही. तिची एक वही आहे, तिच्यात मापं आहेत, तारखा आहेत, कारणं नाहीत. कारणं ती तोंडाने सांगायची. ती आठवतात तोवर इथे उतरवून ठेवतो आहोत.

तिचं एक वाक्य घरातल्या प्रत्येकाने ऐकलेलं आहे: "आदी सुकय, मगे भर." आधी वाळव, मग भर. तिच्या सगळ्या संसाराला हे लागू होतं. किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर मिळून तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. उरलेले महिने खारी हवा. इथे पापड सादळतात, पुस्तकांना वास येतो, बुटांवर हिरवी बुरशी धरते, कडी-कोयंडे गंजतात. त्यात दर दोन-तीन वर्षांनी बदली. बंद पेटीत ओलावा एकदा शिरला की पठाणकोटला पोचेपर्यंत आत काय होईल ते उघडल्यावरच कळतं. म्हणून पेटी भरायच्या आधी दोन दिवस ती रिकामी, झाकण उघडं टाकून उन्हात. कपडे, गोधड्या, डाळी, मसाले, सगळं उन्हात. आणि उन्हातून आणलेली वस्तू गरम असताना पेटीत जायची नाही. गरम वस्तू बंद केली की झाकणाला आतून घाम सुटतो आणि तेच पाणी कपड्यांवर ठिबकतं. ऊन उतरल्यावर तासभर सावलीत ठेवून मग भरायचं. ही पायरी नवखी माणसं हमखास चुकतात.

एक नंबरची पेटी म्हणजे नव्या क्वार्टरमधली पहिली रात्र. बाकीच्या चार ब्रेकव्हॅनमधून किंवा मालगाडीने मागून यायच्या, कधी आठ-आठ दिवसांनी. ही एक मात्र डब्यात, बाकाखाली, मुलांच्या पायाशी. तिच्यात वातीचा स्टोव्ह असे: रॉकेल पूर्ण काढलेलं आणि वाती सुकवलेल्या, कारण ओल्या वातींचा वास पीठसुद्धा पकडतं. झाकणाच्या डब्यात काड्यापेटी आणि मेणबत्त्या. मुलांच्या लंगोटात गुंडाळलेले दोन बल्ब. टेस्टर, स्क्रूड्रायव्हर, मूठभर खिळे, दहा हात सुंभाची दोरी, दोन कुलुपं. तीन लिटरचा कुकर, आणि कुकरच्या पोटात तांदूळ, डाळ, कुळथाचं पीठ, मसाला, आमसुलं. रिकामी पोकळी नेणं तिला पटायचं नाही. मीठ तेवढं काचेच्या बरणीत, कापडाच्या पिशवीत कधी नाही. गाडी समुद्राकाठून निघालेली, पिशवीतलं मीठ घाटावर पोचेपर्यंत पाझरतं. सगळ्यात वर एक चादर, एक टॉवेल, आणि झाकणाला आतून खळीने चिकटवलेली यादी.

क्वार्टर ताब्यात घेताना मार्चिंग-इनची यादी असते. एमईएसचे, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्याचे, लोक खाटा, टेबल, खुर्च्या, पंखे, नळ, काचा मोजून सही घेतात. सोडताना मार्चिंग-आउट. जे कमी भरेल त्याचे पैसे पगारातून कापतात. आधीच्या माणसाच्या वेळी फुटलेली काच तुमच्या यादीत शिरली, तर ती तुमच्याच पगारातून जाते. काकी मार्चिंग-इनला स्वतः हजर राहायची. प्रत्येक खोलीत जाऊन खिडकीची काच बोटाने वाजवून बघायची, तडा असला की आवाज वेगळा येतो. नळ सोडून बघायचा, संडासची टाकी ओढून बघायची, आणि जे मोडलेलं असेल ते यादीवर त्याच वेळी लिहून घ्यायचं. "उद्या लिहू" म्हणणाऱ्याला ती चहा द्यायची आणि सही मात्र लिहून झाल्यावरच. क्वार्टर सोडताना तिचे पैसे कापले गेल्याचं घरात कोणाला आठवत नाही.

पहिल्या रात्रीचं जेवण ठरलेलं: कुळथाची पिठी आणि भात. हे पीठ ती एप्रिलमध्ये करून ठेवायची. कुळीथ निवडून कढईत मंद आचेवर, टरफल तडकेपर्यंत भाजायचे. जात्यावर भरडून सुपात पाखडायचे, टरफलं उडून डाळ राहते, मग ती बारीक दळायची. भाजणं कमी झालं तर पिठाला महिन्या-दोन महिन्यांत किडे होतात, जास्त झालं तर पिठी कडवट. डाळीचा दाणा दाताखाली कटकन मोडला पाहिजे, हीच खूण. दोन माणसांना चार मोठे चमचे पीठ आणि तीन वाट्या पाणी. पीठ आधी वाटीभर थंड पाण्यात कालवायचं, उकळत्या पाण्यात कोरडं टाकलं की गुठळ्या. तेलात सहा-सात लसणीच्या पाकळ्या ठेचून, मोहरी, मिरची. वर पाणी, मीठ, मग कालवलेलं पीठ. पाच मिनिटं ढवळत उकळायचं. आमसुलं तीन, आणि तीही उतरवताना. खोबरं मिळालं तर ठीक, नाही तर नाही. डोंगरातल्या स्टेशनांवर पाणी कमी तापमानाला उकळतं म्हणून भात उघड्या पातेल्यात कितीही वेळ ठेवला तरी आतून कच्चा राहतो. म्हणून कुकर एक नंबरच्या पेटीत.

दोन आणि तीन नंबरमध्ये भांडी आणि कपडे. त्यांच्याबद्दल एवढंच की चिनी मातीची बरणी ती कधी कागदात गुंडाळायची नाही, गोधडीच्या घडीत ठेवायची आणि बरणीच्या आत मुलांचे मोजे कोंबायची. आणि सुकी मासळी या पाचांपैकी एकीतही नसे. सोडे, बोंबील, जवळा यांच्यासाठी वेगळा रॉकेलचा डबा, झाकणाला कणीक लिंपून. एकदा गणवेशाला जवळ्याचा वास लागला की तो तीन धुण्यांतही जात नाही.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी हे तिचं खरं राज्य होतं. काका फिल्डला असले की कुटुंबाला क्वार्टर नसे, मग ती मुलांना घेऊन गावी. आणि नेमके ते दिवस मे महिन्याचे असले तर मग बघायला नको. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात ती एप्रिलअखेरीपासून, खरा बहर मेच्या मध्यावर, आणि पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात दारात. आमसुलांना पूर्ण वाळायला कडक ऊन हवं आणि हातात असतात मोजके दिवस. घरातल्या तीन झाडांचे रातांबे, शिवाय शेजारच्या वाडीतले अर्धलीने, म्हणजे अर्ध्या वाट्यावर.

तिची रीत अशी. लाल-जांभळे पिकलेले रातांबे घ्यायचे, हिरवट असतील ते बाजूला. त्यांची आमसुलं तपकिरी होतात, काळी होत नाहीत. धुऊन फडक्यावर कोरडे करायचे. पाणी राहिलं तर रसाला फेस येतो. आडवे कापून दोन वाट्या. बिया आणि गर मातीच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात, त्यावर जाडं मीठ. बारीक मीठ लगेच विरघळून तळाशी बसतं, जाडं हळूहळू रस ओढून काढतं. दुसऱ्या दिवशी रस सुटतो. सालं उन्हात, संध्याकाळी त्या रसात बुडवून रात्रभर, सकाळी निथळून परत उन्हात. याला ती पूट देणं म्हणायची. कमीत कमी पाच पुटं, ऊन चांगलं असेल तर सात. तिसऱ्या पुटापर्यंत साल लवचीक असते, पाचव्याला काळी आणि चिवट होते. वाकवली तर मोडू नये आणि बोटाला रस लागू नये, तेव्हा झाली.

चुका दोन ठिकाणी होतात. एक, घाईने तीन पुटांत भरणं. वरून कोरडी दिसतात, आत ओल असते, श्रावणात बरणी उघडली की पांढरा बुरा. दोन, धातूचं भांडं. आंबट आणि खारट दोन्ही एकत्र आले की ॲल्युमिनियमला खड्डे पडतात, पत्र्याचा डबा तर दोन महिन्यांत गळतो. वळवाचा पाऊस मध्येच आला तर ती सालं चुलीवरच्या उतवीवर पसरायची. धुराचा वास लागतो. ती आमसुलं वेगळ्या बरणीत, माशाच्या आमटीला. सोलकढीला ती चालत नाहीत.

उरलेल्या रसाचं आगळ. लिटरभर रसाला दोनशे ग्रॅम जाडं मीठ, सात-आठ दिवस रोज लाकडी चमच्याने हलवायचं, मग गाळून काचेत. ते प्रवासाला न्यायचं तर प्लास्टिकच्या कॅनमध्ये, तोंडापासून चार बोटं रिकामी ठेवून. मीठ कमी पडलेलं आगळ गाडीच्या उष्म्यात फसफसतं आणि काठोकाठ भरलेला कॅन फुगून बूच उडतं. लाल डाग सुती कपड्यावरून जात नाही.

बियासुद्धा ती टाकायची नाही. धुऊन, खडखडीत वाळवून, फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा. गार झालं की वर तुपासारखा थर जमतो. तो काढून परत वितळवून गाळायचा आणि मुठीत दाबून गोळे करायचे, म्हणून मुठेल. कोणी भिरंडेल म्हणतात. हे साध्या हवेत घट्टच राहतं, अंगाच्या उबेने सुटतं, त्यामुळे पार्सलमध्ये सांडत नाही. बर्फातल्या पोस्टिंगवर फुटलेल्या टाचांना, ओठांना, बंदुकीच्या लोखंडाने सोललेल्या बोटांना तिने दरवर्षी सहा-सात गोळे पाठवले. वहीत पुढे नोंद आहे: "दोन जास्त, सोबतच्या मुलांना."

पार्सलचं शास्त्र वेगळं होतं. मांजरपाटाची पिशवी, तोंड दुहेरी टाक्याने शिवलेलं, शिवणीवर जागोजागी लाखेचे ठसे. पत्ता काळ्या शाईने, आणि शाई वाळल्यावर अक्षरांवरून मेणबत्ती घासायची. मग पावसात भिजलं तरी पत्ता वाहून जात नाही. पत्त्यात नंबर आधी, मग हुद्दा, नाव, कंपनी, पलटण, आणि शेवटी ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, म्हणजे लष्करी टपालघराचा आकडा. गावाचं, राज्याचं नाव नाहीच. ५६ ची टपाल दिल्लीतून वाटली जाते, ९९ ची कोलकात्यातून. त्यामुळे आकडा बदलला की माणूस देशाच्या कुठल्या अंगाला गेला याचा अंदाज घरी यायचा, आणि तेवढ्यावरच भागवायचं असे. नंबरातला एक आकडा चुकला तर पार्सल दोन महिन्यांनी परत. त्याच नावाचे दोन-तीन जण पलटणीत असणं ही मराठ्यांमध्ये रोजची गोष्ट.

काय पाठवायचं हेही ठरलेलं. खोबऱ्याच्या वड्या नाहीत, आठ-दहा दिवसांत खवटतात. बेसनाचे लाडू तूप सोडतात आणि कापड तेलकट होतं. टिकतं ते आल्या-गुळाचं खाजं, नीट वाळलेली फणसपोळी, आंबापोळी, भाजलेले काजूगर, कुळथाचं पीठ, मेतकूट. फणसपोळीला बरका फणस. गर चाळणीवर घासून दोरे काढायचे, किलोभर रसाला पावशेर साखर आणि चिमूटभर मीठ, तुपाचा हात लावलेल्या ताटात नखाएवढ्या जाडीचा थर. दोन दिवसांनी उलटवायची, चार-पाच उन्हं द्यायची. थर जाड झाला की मध्ये ओला राहतो आणि घडी घातल्यावर तिथेच काळा पडतो. घड्यांमध्ये ती केळीचं पान न घालता बटरपेपर घालायची. पानात पाणी असतं.

पत्रांना क्रमांक. निळ्या अंतर्देशीयाच्या डाव्या कोपऱ्यात तिचा आकडा, त्यांच्या पत्रावर त्यांचा. फिल्डमधली टपाल ढिगाने येते, चौदावं आधी आणि अकरावं मागून. क्रमांक नसला तर "ताप उतरला" हे आधी वाचायला मिळतं आणि "ताप आलाय" नंतर, आणि माणूस तिकडे रात्र काढतो. क्रमांकामुळे मधलं हरवलं हेही कळतं, आणि त्यातली महत्त्वाची गोष्ट पुढच्यात परत लिहिता येते. लिहायच्या गोष्टींचाही तिचा क्रम होता: पहिल्या ओळीत मुलं बरी आहेत, मग पैसे पोचले, मग शेती, गायीगुरं, आणि तक्रार असली तर शेवटी, तीही त्यावर काय केलं ते लिहून. न सुटलेली अडचण तिने पत्रात घातली नाही. याबद्दल घरात दोन मतं आहेत. तिने एकटीने फार ओढलं असं आम्हाला वाटतं.

पैसे दर महिन्याला फॅमिली अलॉटमेंट मनीऑर्डरने यायचे, थेट पगारातून. पोस्टमन ओट्यावर बसून मोजून द्यायचा आणि ती त्याच्यासमोर परत मोजायची. त्याच संध्याकाळी डब्यांत वाटणी: दुकानाची उधारी, शाळा, दवाखाना, सासूबाईंचं औषध, आणि एक डबा ज्यावर नुसतं "घर" लिहिलेलं. त्यातून मे महिन्यात शाकारणी. कौलं दरवर्षी चाळावी लागतात. माकडांनी फोडलेली बदलायची, सरकलेली बसवायची, वाश्यांना वाळवी आहे का ते टोचून बघायचं. गडी वर चढले की ती खाली माजघरात अंधार करून उभी राहायची. जिथून उजेडाचा ठिपका दिसेल तिथे गळणार. काठीने खालून टोचून वरच्याला जागा दाखवायची. छप्परावरून फट दिसत नाही, खालूनच दिसते.

सुट्टी वर्षाला साठ दिवस वार्षिक, ती एकसंध क्वचित मिळायची. गणपतीला मागितली की अर्ध्या पलटणीने गणपतीलाच मागितलेली. म्हणून तिने काकांना शिकवलं होतं: एक वर्ष गणपती, एक वर्ष शिमगा. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाली, तोवर काका निवृत्तही झाले होते. त्यांच्या नोकरीभर वाट एकच, बेळगावपर्यंत गाडी आणि पुढे घाटातून एसटी. पावसाळ्यात दरड कोसळली की आंबोली बंद, मग सुट्टीतला एक दिवस तिकडेच गेला.

पाच नंबरची पेटी सगळ्यात लहान. कागदांची. तिच्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण आजूबाजूच्या कितीतरी फौजी घरांत माणूस गेल्यावर बाईला इथेच ठेच लागते.

पहिली अडचण नावाची. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, आणि भरतीनंतर काकांनी पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे पलटणीच्या अधिकृत नोंदीत, लग्नाची नोंद केली तेव्हा कारकुनाने इंग्रजीत स्पेलिंग तिसरंच घातलं. दुसरी अडचण जिल्ह्याची. काका भरती झाले तेव्हा वेंगुर्ला रत्नागिरी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला. रेकॉर्डमध्ये घरचा पत्ता जुनाच. तिसरी, जन्मतारीख. कित्येक पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, पत्नीची जन्मतारीखच नसते. ऐंशी वर्षं पूर्ण झाल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते, पण नोंदीत तारीख नसेल तर ती आपोआप लागणार कशी?

काकीने हे काका हयात असतानाच निस्तरलं. दोघांचं जॉइंट खातं. दोघांचा एकत्र फोटो. नाव एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, आधार, शाळेचा दाखला, विवाह नोंदणी, हे सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मदतीने बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवून पीपीओत दुरुस्ती करून घेतली. सैनिकाच्या स्वतःच्या सहीने जे काम काही महिन्यांत होतं, ते त्याच्यामागे करायला वर्ष-दोन वर्षं जातात. ज्यांच्या घरी निवृत्त फौजी आहेत त्यांनी आजच पीपीओ काढून पत्नीचं नाव अक्षर न् अक्षर आधारशी ताडून बघावं. आता स्पर्शवर, म्हणजे फौजी पेन्शनच्या सरकारी वेबसाइटवर, लॉगिन करूनही ते दिसतं.

काका गेल्यावर तिला कुटुंब निवृत्तिवेतन वेळेवर सुरू झालं. नेहमीचा दर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. निवृत्त सैनिक गेल्यास सात वर्षं, किंवा त्याच्या वयाला सदुसष्ट पूर्ण झाली असती तोपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर वाढीव दर. हा वाढीव दर संपला की रक्कम एकदम उतरते, आणि बायका बँकेत धावतात की चूक झाली. चूक नसते. तिने ती तारीख वहीत आधीच लिहून ठेवली होती, आणि त्या महिन्यापासून दुधाचा रतीब अर्धा केला होता.

दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला. ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो, आणि द्यावा. नोव्हेंबरात रांग असते. अंगठ्याच्या यंत्रावर तिचा ठसा कधी पहिल्या झटक्यात उठला नाही. राख, आमसुलांचं मीठ, नारळाची सोडणं, पन्नास-साठ वर्षांत बोटांवरच्या रेषा राहत नाहीत. अंगठा नाही उठला तर दुसरी बोटं, मग डोळ्याची बुबुळं, आणि आता मोबाइलवर चेहऱ्यानेही होतं. हात कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण पुसून, मग लावायचा. मुठेल लावून गेलं तर काच तेलकट होते आणि काहीच उठत नाही. केंद्रातला मुलगा वैतागून परत पाठवायला निघाला तर बुबुळांचं यंत्र आहे का ते विचारायचं.

डिस्चार्ज बुक आणि मूळ पीपीओ तिने लॅमिनेट करू दिले नाहीत. पुढे कधी शेरा मारायचा झाला तर लॅमिनेशनवर मारता येत नाही, आणि दमट दिवसांत केलं तर आत कोंडलेली ओल कागद पिवळा करते. प्रत्येक कागद वेगळ्या फोल्डरमध्ये, सगळं मिळून एका डब्यात, आणि डब्यात भाजलेल्या तांदळाची कापडी पुरचुंडी. ती दर दोन महिन्यांनी बदलायची. झेरॉक्सच्या तीन प्रती वेगळ्या घरी, वेगळ्या गावात.

पेट्या सांभाळायच्या त्याही सांगून ठेवतो. सारवलेल्या जमिनीवर थेट ठेवायच्या नाहीत, तळाकडून गंज चढतो. दोन फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब. दर दुसऱ्या वर्षी तळाला रेड ऑक्साइड, त्यावर काळा रंग. बिजागऱ्यांना खोबरेल नाही, चिकट होऊन धूळ धरतं. शिवणयंत्राचं तेल.

आणि ऑक्टोबर. पाऊस पूर्ण गेला, सकाळचं धुकं हटलं, की तिचा उन्हाचा दिवस असे. हे काम आता चुकू द्यायचं नाही. सकाळी नऊला गोधड्या आणि लोकरीचे कपडे, उलटे करून. शिवणीत कसर असते. दहाला रिकाम्या पेट्या, झाकणं समुद्राच्या उलट बाजूला. भिंतीवरचे फोटो उतरवायचे, पण उन्हात नाही, पडवीत. फ्रेम मागून उघडून फोटो काचेला चिकटलाय का बघायचं. चिकटला असेल तर ओढायचा नाही, वरचा थर काचेवरच राहतो. तसाच काचेसकट स्कॅन करून घ्यायचा. सुटा असेल तर काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालून परत बसवायचा. काकांच्या बेळगावच्या फोटोचा डावा खांदा असाच गेलेला आहे, तिने पहिल्यांदा ओढला तेव्हा.

दुपारी कागदांची पेटी, सावलीत, दगड ठेवून. डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधलेल्या, कापडाला किंवा कागदाला टेकणार नाहीत अशा.

मेडलं शेवटी, चारनंतर, ऊन उतरल्यावर. रिबिनीचा रंग उन्हात जातो. ब्रासो लावायचं नाही, अक्षरं झिजतात. कडेला कोरलेला नंबर त्यांच्या नंबरशी जुळतो हेच त्या मेडलाचं मोल. कोरड्या मलमलीने पुसायचं, रिबिनीला ब्रश, प्रत्येक मेडल वेगळ्या फडक्यात, डब्यात ओल शोषायला दोन खडू. झाकण लावण्याआधी तासभर तसंच ठेवायचं, गार होऊ द्यायचं.